घरच्या जुन्या लॅपटॉपवरून स्वतःची वेबसाइट कशी चालवायची: आपल्याकडच्या ब्रॉडबँडला धरून सगळ्या स्टेप्स

घरी जुना लॅपटॉप पडून आहे, फायबर लागलंय, मग वेबसाइटसाठी दरवर्षी होस्टिंगचे पैसे कशाला भरायचे, हा प्रश्न अगदी रास्त आहे. साधी पर्सनल साइट, म्हणजे आपले लेख, ट्रेकचे फोटो, आजीकडून लिहून घेतलेल्या ओव्या, गावच्या जत्रेची माहिती असलं काही टाकायचं असेल तर त्याला ताकद अगदीच कमी लागते, दहा वर्षं जुना लॅपटॉपसुद्धा ते आरामात करतो. गाडी अडते ती इंटरनेट कनेक्शनपाशी. बरीचशी गाइड्स 'राउटरमध्ये पोर्ट उघडा, झालं' असं सांगून मोकळी होतात आणि आपल्याकडे पोर्ट (म्हणजे बाहेरच्यांना आत यायचं नंबरवालं दार) उघडूनसुद्धा बाहेरून काहीच दिसत नाही, मग माणूस दोन-तीन रात्री डोकं फोडून घेतो आणि सोडून देतो. म्हणून इथे क्रम वेगळा ठेवलाय, आधी कनेक्शन तपासायचं आणि मगच बाकीच्याला हात लावायचा.

एक आधीच सांगतो, कमांड अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या, मी इथे त्यांचा उच्चार लिहिलाय.

पब्लिक आयपी आहे का ते बघा

राउटरच्या ॲडमिन पेजवर जा, बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतं, राउटरच्या खालच्या स्टिकरवर लिहिलेलं सापडेल. तिथे वॅन (म्हणजे बाहेरच्या इंटरनेटची बाजू) किंवा इंटरनेट स्टेटस नावाच्या पानावर एक आयपी ॲड्रेस दिसतो तो लिहून घ्या. आता त्याच वायफायवरून गूगलवर माझा आयपी काय असं सर्च करा आणि जो आकडा येईल तो याच्याशी ताडून बघा (सर्चमध्ये कोलनवाला लांबलचक आकडा आला तर तो नव्या पद्धतीचा पत्ता, आयपीव्ही६ आहे, आपल्याला इथे टिंबांनी जोडलेल्या चार आकड्यांचा आयपीव्ही४ हवाय). दोन्ही सेम असतील तर तुमच्याकडे पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट पोचता येईल असा पत्ता आहे, निम्मं काम झालं. वेगळे असतील, आणि राउटरवरचा आकडा १०० ने सुरू होऊन दुसरा भाग ६४ ते १२७ च्या मधला असेल किंवा सरळ १० ने सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या, म्हणजे अनेक घरांनी मिळून वापरायच्या एका पत्त्याच्या मागे आहात.

राउटरवर १९२.१६८ ने सुरू होणारा आकडा दिसला तर वेगळी भानगड आहे, बहुतेक कंपनीने दिलेल्या फायबरच्या डब्याला तुम्ही स्वतःचा राउटर जोडलाय आणि दोघंही राउटरचं काम करतायत. तेव्हा त्या पहिल्या डब्यात लॉगिन करून तिथला वॅन आयपी बघा.

सीजीनॅट येतो कुठून, तर आयपीव्ही४ चे पत्ते जगातच अपुरे पडलेत, म्हणून इंटरनेट कंपन्या एकच पब्लिक पत्ता कितीतरी घरांमध्ये वाटून वापरतात, आणि १००.६४ पासूनचा तो पट्टा २०१२ मध्ये खास या कामासाठी राखून ठेवला गेला. समजा मोठ्या सोसायटीचा पत्ता सगळ्यांना माहीत आहे पण फ्लॅट नंबर कुणालाच माहीत नाही आणि वॉचमन बाहेरच्या कुणालाही आत सोडत नाही, तसं होतं हे. तुम्ही बाहेर जाऊ शकता, बाहेरचा माणूस तुमच्यापर्यंत पोचत नाही. त्यामुळे तुमच्या राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, अडवणूक त्याच्या पुढे होतेय.

मग रस्ते तीन. पहिला, कंपनीकडे पब्लिक स्टॅटिक (न बदलणारा) आयपी मागा, जादा पैसे पडतात, गल्लीतले केबलवाले हे पटकन करून देतात असा अनुभव आहे आणि मोठ्या कंपन्या बऱ्याचदा बिझनेस प्लॅन घ्या म्हणतात. दुसरा, आयपीव्ही६ वापरा. भारतात याचा वापर जगात वरच्या नंबरात आहे, जिओवर तर मिळतोच, आणि त्यात प्रत्येक मशीनला स्वतःचा पब्लिक पत्ता असतो, पण ज्या वाचकाकडे फक्त आयपीव्ही४ आहे त्याला तुमची साइट उघडणारच नाही, ऑफिसच्या नेटवर्कवर हे बऱ्याचदा होतं. तिसरा, टनेल, म्हणजे तुमचा लॅपटॉप स्वतःहून बाहेरच्या एका सर्व्हरशी कनेक्शन जोडून ठेवतो आणि वाचक त्या सर्व्हरमार्फत येतात. माझं स्पष्ट मत, पब्लिक आयपी असेल तर पोर्ट फॉरवर्डिंग (राउटरवर आलेली मागणी लॅपटॉपकडे पाठवणं) करा, नसेल तर कस्टमर केअरच्या मागे महिनाभर धावण्यापेक्षा सरळ टनेल करा आणि साइट सुरू करा. दोन्ही पुढे सांगतोय.

आणि हो, घरगुती प्लॅनच्या नियमांत सर्व्हर चालवायला मनाई आहे का ते एकदा वाचून घ्या, काही प्लॅनमध्ये असते.

लॅपटॉप तयार करणे

डेस्कटॉपपेक्षा लॅपटॉप का, तर वीज. जुना लॅपटॉप स्क्रीन बंद ठेवून साधारण १५ वॅट घेतो असं धरलं तर महिन्याला १०.८ युनिट होतात, युनिटला १० रुपये धरले तरी शंभराच्या आसपास. डेस्कटॉपला याच्या तिप्पट-चौपट सहज लागते. शिवाय लॅपटॉपला बॅटरी आहे, म्हणजे महावितरणने गुरुवारी मेंटेनन्ससाठी लाइट घालवली तरी तो थोडा वेळ तग धरतो. फक्त बॅटरी फुगलेली नाही ना ते खालून नीट बघा, टचपॅड वर आलेलं असेल किंवा लॅपटॉप टेबलावर डुगडुगत असेल तर ती बॅटरी काढूनच टाका, चोवीस तास चार्जिंगला लावून ठेवायच्या वस्तूत हा धोका घेऊ नका. थिंकपॅडसारख्या मॉडेलवर टीएलपी नावाचा प्रोग्राम टाकून चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवता येतं, ते जरूर करा.

ऑपरेटिंग सिस्टिम डेबियन १३ घ्या, ऑगस्ट २०२५ मध्ये आलीय, फुकट आहे आणि वर्षानुवर्षं अपडेट मिळतात. मशीन ६४-बिट हवं, अगदीच पुराण्या ३२-बिट लॅपटॉपवर ही इन्स्टॉल होत नाही. आयएसओ फाइल डाउनलोड करून रूफस नावाच्या प्रोग्रामने पेनड्राइव्हवर चढवा आणि त्यावरून बूट करा. लॅपटॉपमधलं सगळं पुसलं जाणार आहे हे लक्षात ठेवून जुने फोटो, कागदपत्रं आधी काढून घ्या.

इन्स्टॉल करताना दोन जागी थांबा. रूटचा (मुख्य ॲडमिनचा) पासवर्ड विचारेल तिथे काहीच न भरता पुढे जा, म्हणजे तुमच्या साध्या युजरला सुडो, म्हणजे ॲडमिनच्या कमांड चालवायचा अधिकार, आपोआप मिळतं, पासवर्ड भरला तर सुडो नंतर हाताने बसवत बसावं लागतं. आणि शेवटी कुठलं सॉफ्टवेअर हवं विचारेल तिथे डेस्कटॉपच्या सगळ्या खुणा काढा, फक्त एसएसएच सर्व्हर (दुसऱ्या कंप्युटरवरून लॉगिन करायची सोय) आणि स्टँडर्ड सिस्टिम युटिलिटीज ठेवा. स्क्रीनवर काळं पान आणि पांढरी अक्षरं एवढंच येईल, घाबरू नका, इथून पुढे आपण रोजच्या कंप्युटरवरूनच याच्यात लॉगिन करणार आहोत.

झाकण बंद केलं की लॅपटॉप झोपतो, ते थांबवायला इटीसी फोल्डरमधल्या सिस्टमडी फोल्डरात लॉगिनडी डॉट कॉन्फ फाइल असते, नसेल तर त्याच नावाची नवी करून वर चौकटी कंसात लॉगिन लिहा, आणि त्यात हँडल लिड स्विच या ओळीला इग्नोर करून रीस्टार्ट करा. मग लॅपटॉप वायफायवर नको, लॅन केबलने राउटरला जोडा. आणि राउटरमध्ये डीएचसीपी रिझर्व्हेशन करून त्याला एक ठरलेला घरातला आयपी द्या, समजा १९२.१६८.१.५०, नाहीतर लाइट जाऊन आली की पत्ता बदलतो आणि सगळं जोडलेलं तुटतं.

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी जगातला पहिला वेब सर्व्हर सर्न या संशोधन संस्थेत स्वतःच्या नेक्स्ट कंप्युटरवर चालवला होता आणि त्यावर हाताने लिहिलेली चिठ्ठी चिकटवली होती की हे मशीन सर्व्हर आहे, बंद करू नका. तुम्हीही तशीच मराठीत चिठ्ठी लावा, दिवाळीच्या साफसफाईत हमखास कुणीतरी प्लग काढतं.

वेब सर्व्हर: कॅडी

वेब सर्व्हर म्हणजे वाचकाला पानं पाठवणारा प्रोग्राम, त्यात अपाचे, एनजिनएक्स हे पण चांगलेच आहेत, पण घरच्या साइटला मी कॅडीच सांगतो, कारण एचटीटीपीएसचं (सुरक्षित कनेक्शनचं) सर्टिफिकेट तो स्वतः आणतो आणि स्वतः रिन्यू करतो. फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एनक्रिप्टची सर्टिफिकेटं ९० दिवसांची असतात, ती विसरली की वाचकाला ब्राउझरमध्ये लाल इशारा दिसतो, ती कटकटच इथे नाही.

रोजच्या कंप्युटरवरून एसएसएचने लॉगिन करा (विंडोजच्या टर्मिनलमध्ये एसएसएच असतंच) आणि सुडो ॲप्ट अपडेट, मग सुडो ॲप्ट इन्स्टॉल कॅडी. इन्स्टॉल झालं की ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.५० टाकून बघा, कॅडीचं स्वागताचं पान दिसलं पाहिजे.

आता साइटच्या फाइल कुठे ठेवायच्या. होम फोल्डरमध्ये ठेवू नका, डेबियनमध्ये होम फोल्डर दुसऱ्या युजरला वाचता येत नाही आणि कॅडी स्वतःच्या वेगळ्या युजरने चालतो, त्यामुळे ४०३ (परवानगी नाही) एरर येतो आणि कारण लवकर कळत नाही. एसआरव्ही फोल्डरच्या आत साइट नावाचा फोल्डर करा, चाऊन कमांडने तो तुमच्या युजरच्या नावावर करा, आणि त्यात इंडेक्स डॉट एचटीएमएल टाका. फाइल पाठवायला विंडोजवर विनएससीपी सोपं आहे.

मग इटीसी, कॅडी फोल्डरातली कॅडीफाइल उघडून आतलं सगळं काढा. सध्या पहिल्या ओळीत कोलन ८० आणि महिरपी कंस सुरू, दुसऱ्या ओळीत रूट, स्टार आणि फोल्डरचा पाथ, तिसऱ्या ओळीत फाइल अंडरस्कोर सर्व्हर, चौथ्या ओळीत कंस बंद. चार ओळींत वेब सर्व्हर तयार. सुडो सिस्टमसीटीएल रीलोड कॅडी करा आणि पेज रिफ्रेश करा.

वर्डप्रेस टाकू का असं लगेच विचारलं जातं. सुरुवातीला नको. वर्डप्रेस म्हणजे पीएचपी आलं, डेटाबेस आला, प्लगिन आले, आणि एखादं प्लगिन अपडेट करायचं राहिलं की त्या भोकातून माणसं आत येतात, ते पण तुमच्या घरच्या नेटवर्कमध्ये. साधी एचटीएमएल पानं असतील तर आत शिरायला फारसं काही नसतंच. पानं हाताने लिहायचा कंटाळा असेल तर ह्यूगो वापरा, तुम्ही साधा मजकूर लिहायचा, तो पानं बनवून देतो.

मराठी साइटसाठी काही गोष्टी मात्र काळजीने करा, मला हा भाग सगळ्यात जिव्हाळ्याचा वाटतो. पानाच्या हेडमध्ये मेटा कॅरसेट यूटीएफ-८ पाहिजेच, नाहीतर काही ठिकाणी अक्षरांचा चुथडा दिसतो. एचटीएमएल टॅगमध्ये लँग बरोबर एमआर लिहा, त्याने ज्या फॉंटात सोय आहे तिथे ल आणि श मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे दिसतात, आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्यालाही ही मराठी आहे हे त्यावरून कळतं. फॉंट मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या, दोन्ही फुकट आहेत, आणि फॉंटची फाइल आपल्याच सर्व्हरवर ठेवा. जुनं लिखाण श्रीलिपी किंवा कृतीदेवमध्ये टाइप केलेलं असेल तर ते तसंच पेस्ट करून चालणार नाही, आधी कन्व्हर्टरने युनिकोड करा आणि ओळ न ओळ वाचून काढा कारण जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात. फाइलची नावं मात्र साध्या इंग्रजी अक्षरांत ठेवा, देवनागरी नावाची लिंक व्हॉट्सॲपवर पाठवली की टक्क्यांच्या खुणांची लांबच लांब शेपटी होते. मोबाइलमधला फोटो चार-पाच एमबीचा तसाच चढवू नका, १६०० पिक्सेल रुंदीचा वेबपी केला की बहुतेक वेळा दोन-तीनशे केबीत बसतो, आणि एसटीत बसून टूजी-थ्रीजी रेंजवर वाचणाऱ्यालाही तो दिसतो.

डोमेन आणि बदलता आयपी

डॉट इन डोमेन परवडतं, घेताना पहिल्या वर्षाची ऑफर नाही तर रिन्यूअलचा रेट बघा. डॉट भारत पण मिळतं, २०१४ पासून देवनागरीत आहे, पण बरीचशी ॲप त्याची नीट लिंक करत नाहीत म्हणून ते जोडीला ठेवा, मुख्य नको. डोमेन घ्यायचंच नसेल तर डकडीएनएसवर फुकट सबडोमेन मिळतं.

स्टॅटिक आयपी असेल तर डोमेनच्या डीएनएसमध्ये (नाव कुठल्या आयपीवर आहे ते सांगणाऱ्या नोंदींत) ए रेकॉर्ड, म्हणजे तुमच्या आयपीची नोंद, टाकून मोकळे व्हा. पब्लिक आहे पण बदलतो असं असेल तर डायनॅमिक डीएनएस लागेल, म्हणजे लॅपटॉप दर पाच मिनिटांनी आपला आयपी कळवत राहतो. डकडीएनएसच्या साइटवर क्रॉनची (ठरावीक वेळी कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामची) तयार ओळ मिळते, आणि स्वतःच्या डोमेनसाठी डीडीक्लायंट नावाचा प्रोग्राम आहे. ए रेकॉर्डचा टीटीएल (ती नोंद किती वेळ लक्षात ठेवायची ती मुदत) ३०० सेकंद ठेवा, म्हणजे आयपी बदलला तरी साइट फार वेळ गायब राहत नाही.

बाहेरून दार उघडणे

पब्लिक आयपीवाल्यांनी राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग शोधा, काही राउटरवर ते व्हर्च्युअल सर्व्हर नावाने एनएटीच्या मेनूत लपलेलं असतं. टीसीपी ८० आणि ४४३ हे दोनच पोर्ट १९२.१६८.१.५० कडे पाठवा. डीएमझेड नावाचा ऑप्शन दिसेल, एका टिचकीत सगळं चालू होतं म्हणून तो लावू नका, त्याने लॅपटॉपचे सगळेच पोर्ट बाहेर उघडे पडतात. २२ नंबरचा एसएसएच पोर्टही बाहेर उघडू नका.

पोर्ट उघडल्यावरच कॅडीफाइलमध्ये कोलन ८० च्या जागी डोमेन लिहा आणि रीलोड करा. हा क्रम पाळा, कारण दार बंद असताना कॅडी सर्टिफिकेट मागत राहिला तर लेट्स एनक्रिप्ट तासाला पाच फेल झाल्यावर थोडा वेळ थांबवतं आणि तुम्हाला वाटतं सेटिंगच चुकलं.

तपासताना घरच्या वायफायवरून तपासू नका. बरेच राउटर आतून बाहेर जाऊन परत आत येऊ देत नाहीत, साइट जगाला दिसत असते आणि फक्त तुम्हालाच दिसत नाही. मोबाइलचं वायफाय बंद करा, डेटावर उघडा.

सीजीनॅटवाल्यांनी क्लाउडफ्लेअर टनेल घ्या. डोमेन क्लाउडफ्लेअरच्या डीएनएसवर आणायचं, त्यांच्या डॅशबोर्डमध्ये टनेल बनवायचा, तिथे दिलेली क्लाउडफ्लेअरडी इन्स्टॉल करायची कमांड लॅपटॉपवर पेस्ट करायची, आणि डोमेन लोकलहोस्ट ८० ला जोडायचं, बस. राउटरला हातच लावायचा नाही, एचटीटीपीएस तिकडूनच मिळतं त्यामुळे कॅडीफाइलमध्ये कोलन ८० तसंच राहू दे. फायदा असा की तुमच्या घरचा आयपी कुणाला दिसत नाही, तोटा असा की सगळी ये-जा त्यांच्या सर्व्हरवर उलगडली जाते. लेख-फोटोंच्या साइटला मला त्यात अडचण वाटत नाही, पण तिथून खाजगी काही चालवणार असाल तर विचार करा. दुसऱ्याच्या हातात काहीच द्यायचं नसेल तर स्वस्त व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) घेऊन वायरगार्ड नावाच्या प्रोग्रामने स्वतःचाच टनेल बांधता येतो, मेहनत जास्त आहे.

सुरक्षा, ही टाळायची नाही

सर्टिफिकेट निघालं की तुमच्या डोमेनचं नाव सर्टिफिकेटच्या जाहीर नोंदींमध्ये जातं आणि थोड्याच वेळात बॉट दारात येतात. कॅडीफाइलमध्ये लॉग ही एक ओळ वाढवून जर्नलसीटीएल कमांडने बघा, तुमच्याकडे वर्डप्रेस नसताना कुणीतरी डब्ल्यूपी-लॉगिन मागतंय, कुणी डॉट ईएनव्ही (जिच्यात पासवर्ड वगैरे ठेवतात ती) फाइल मागतंय असं दिसेल. साध्या साइटला ४०४ (असं पान नाही) मिळून ते निघून जातात, पण म्हणूनच साइटच्या फोल्डरात आधारचा स्कॅन, पासवर्डची फाइल, बॅकअपची झिप असलं काहीही थोडा वेळसुद्धा ठेवू नका.

एसएसएचला की (पासवर्डऐवजी वापरायची किल्लीची फाइल) बनवून घ्या, ती चालतेय याची दुसऱ्या विंडोत खात्री करा आणि मगच पासवर्ड लॉगिन बंद करा. यूएफडब्ल्यू फायरवॉल बसवताना आधी घरच्या नेटवर्कवरून २२ ला परवानगी द्या, मग ८० आणि ४४३, आणि सगळ्यात शेवटी इनेबल, उलटं केलं तर स्वतःच बाहेर राहाल. अनअटेंडेड अपग्रेड्स पॅकेज टाका म्हणजे सिक्युरिटी अपडेट आपोआप येतील. राउटरचा ॲडमिन पासवर्ड बदला आणि यूपीएनपी (घरातल्या उपकरणांना स्वतःहून पोर्ट उघडू देणारी सोय) बंद करा.

लाइट, पाऊस, बॅकअप

लॅपटॉपला बॅटरी असली तरी राउटर आणि फायबरच्या डब्याला नसते, त्यांच्यासाठी १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घ्या, व्होल्टेज आणि पिन डब्यावर वाचून मगच. गच्चीवरून तांब्याची लॅन केबल ओढून आणलेलं कनेक्शन असेल तर वळवाच्या पावसात वीज कडाडायला लागली की ती केबल काढून ठेवा, साइट तासभर बंद राहिली तरी चालेल, पण त्या केबलमधून आलेल्या झटक्याने राउटरचे पोर्ट जळतात आणि कधी लॅपटॉपचाही जातो. फायबर काचेची आहे, तिच्यातून हा धोका नाही, पण ॲडॉप्टरच्या बाजूने आहेच, म्हणून सर्ज प्रोटेक्टर लावा आणि अर्थिंग खरंच आहे का ते वायरमनला बोलावून तपासून घ्या.

बॅकअपसाठी आरसिंक कमांडने आठवड्यातून एकदा एसआरव्ही फोल्डर आणि कॅडीफाइल दुसऱ्या कंप्युटरवर ओढून घ्या, आणि एक कॉपी घराबाहेर, भावाकडे किंवा क्लाउडवर. मग कधीतरी त्या कॉपीतून दुसऱ्या एखाद्या मशीनवर साइट उभी करून बघा, पानं, फोटो, फॉंट सगळं येतंय का. गावाला महिनाभर जाणार असाल तर तीच कॉपी गिटहब पेजेससारख्या फुकट जागी चढवून डोमेन तिकडे वळवा, परत आलात की डीएनएस पुन्हा घरच्या पत्त्यावर आणा.